फांदी फुटायची जागा

कापूसकाकू येण्याआधी त्यांचा खोकला यायचा. आधी घंटा, मग पडदा, तसं. फाटकाशी खोकल्याचे दोन ठोके पडले, की पिशव्या भरणाऱ्या बाया सावरून बसायच्या आणि त्यांच्यातली सगळ्यात तोंडाळ, जिला सगळे फटाकडी म्हणत, ती म्हणायची, "आल्या बघा. आवरा आता." मागून काकू यायच्या. बुटक्या, रुंद, पाठीत जरा वाकलेल्या. पायांत रबरी चपला, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. त्या कुणाला रागवायच्या मात्र नाहीत. रागवायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

कापूस हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या बाटल्यांमुळे. मशरूमच्या त्या शेडमध्ये ज्याला बियाणं म्हणत, ते मुठीत घेऊन पेरायचं बी नव्हतं. उकडलेला गहू काचेच्या बाटल्यांत भरायचा, मोठ्या कुकरात वाफेवर चांगला शेकायचा, म्हणजे आत दुसरा कुठलाही जीव उरत नाही, आणि गार झाला की त्यात बुरशीचा नखाएवढा तुकडा सोडायचा. मग बुरशीचे पांढरे धागे, केसाहूनही बारीक, या दाण्यावरून त्या दाण्यावर चालत जात, आणि पंधरवड्यात बाटली कापूस ठासल्यासारखी पांढरी होई. हे बियाणं पुढे भिजवलेल्या पेंढ्याच्या पिशव्यांत जाई. पिशव्या शेडमध्ये टांगल्या जात, आणि एके दिवशी पिशवीच्या चिरांतून मशरूमचे गुच्छ डोकं बाहेर काढत. लोकांना दिसायचा तो गुच्छ. काकू ओळखायच्या ते धागे. रंगमंचावर टाळ्या नट घेतो. त्याच्यावर उजेड टाकणारा माणूस कोपऱ्यात घामाने भिजत बसलेला असतो, त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो. काकूंची बियाणखोली म्हणजे तसला कोपरा होता.

तो नखाएवढा तुकडा यायचा कुठून? तर खोलीत काचेच्या चपट्या बशा होत्या. बशीत बटाट्याच्या पाण्याची जेलीसारखी खळ थिजवलेली, आणि तिच्यावर मूळ बुरशी वाढवलेली. तिला सगळे मदर म्हणत. एका बशीतली मदर म्हातारी व्हायच्या आत तिच्या कडेचा तुकडा दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत. ज्यांनी ही शेड उभी केली ते मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक होते. शाळेमागे पडलेल्या एका झाडाच्या खोडावर त्यांना ही बुरशी सापडली होती, आणि काकूंनी तेव्हापासून तिची साखळी तुटू दिली नव्हती. जाताना मास्तर म्हणाले होते, "काकू, शेड पोरगा सांभाळेल. मदर तुम्ही सांभाळा." काकूंनी मान हलवली होती. रडायचं राहून गेलं, कारण कुकर उतरवायची वेळ झाली होती.

आणि आता मदर फळत नव्हती.

बाटल्या भरत. नुसत्या भरत नव्हत्या, ओसंडत. पिशव्या दुधासारख्या पांढऱ्या होत, पूर्वीपेक्षा लवकर होत. आणि तिथेच थांबत. चिरा पाडल्या, पाणी फवारलं, खिडक्या उघडून गार हवा दिली, तरी मशरूम म्हणून उगवायचं ते चार-दोन वेडेवाकडे कान. सकाळी माल न्यायला येणारा टेम्पोवाला रिकाम्या क्रेटवर बसून विचारायचा, "काय भरू काकू आज? हवा?"

फटाकडी लगेच वर सूर लावायची, "हवा कशाला? कापूस न्या की! काकूंच्या पिशव्या उसवून गाद्या भरू. मालक गादीवाले होतील."

बाया हसायच्या. काकूही ओठांच्या कोपऱ्याने हसायच्या. मग खोलीत जाऊन दार लावायच्या आणि स्टुलावर बसून बशांकडे बघत राहायच्या. खुंटीवर टांगलेल्या ओल्या कपड्यासारख्या त्या दिसायच्या तेव्हा, ज्याच्यातून थेंब गळायचाही थांबलाय.

एक दिवस धाकटे मालक दारात आले. मास्तरांचा हा मुलगा स्वभावाने वाईट नव्हता. वाईट बातमी सांगताना तो चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरायचा, इतका तो भिडस्त होता. त्या दिवशी त्याने पुष्कळ जमीन उकरली.

"काकू, मी बाहेरून तयार बियाणं मागवतोय."

काकूंनी चिमटा खाली ठेवला.

"लगेच नाही. दोन महिने थांबतो. तेवढ्यात एक शेवटचा लॉट तुमच्या मदरचा लावा. आला तर प्रश्नच नाही. नाही आला तर मग ही खोली ठेवून काय करायचं, सांगा? माल थंड ठेवायला जागा नाहीये मला."

"आणि मदर?"

"आता मदर म्हणजे..." मालकांनी आणखी थोडी जमीन उकरली. "तुम्हाला कुणी काढत नाही हो. पिशव्या भरायला बसा बायांबरोबर. नाहीतर घरी आराम करा. खूप केलंत."

काकूंनी दिवसभर तो शब्द तोंडात घोळवला. आराम. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो असा दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच्या हातात कुलूप होतं.

मालकांची बायको, तिला मास्तर सूनबाई म्हणत म्हणून काकूही सूनबाई म्हणत, कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली होती. दोन लहान मुलांमागे इतकी वर्षं तिला शेडकडे बघायला सवड झाली नव्हती. मालकांनी दोन महिन्यांची मुदत घातली त्या आठवड्यात ती पहिल्यांदा बियाणखोलीत आली. कडेवर मूल नाही, हातात मास्तरांच्या कपाटातला जुना सूक्ष्मदर्शक.

"काकू, एक बशी बघू का जरा?"

"बघा की. तुमचंच आहे सगळं." काकूंच्या आवाजाला बारीक काटा होताच. आपल्या स्वयंपाकघरात दुसरीने डबे उघडलेले कुठल्या बाईला आवडतात?

तरी त्यांनी चांगल्यातली चांगली बशी काढून दिली. अभिमानाने दाखवलंसुद्धा, "हे बघा. बाकीची बुरशी इथवर आलीय, आणि हा भाग बघा कसा पुढे पळालाय. पंखा उघडल्यासारखा. गुबगुबीत, तरतरीत. मी नेहमी ह्याच्यातलंच घेते पुढच्या बशीला."

सूनबाईने त्या पंख्यातला एक कण काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. मग उठून स्टूल काकूंना दिलं.

काकूंना आत आधी नुसता उजेड दिसला. मग धागे दिसले. लांबच लांब, सरळ, एकमेकांना न शिवता चाललेले, घाईच्या वेळी रस्त्यावरून माणसं जातात तसे.

"फांद्या दिसतात का?" सूनबाईने विचारलं.

"नाही. तुरळक."

"आता तुम्ही नेहमी सोडून देता ना, त्या मागे राहिलेल्या कडेचं बघा."

तिने काच बदलली. इथे गर्दी होती. धाग्याचं टोक पुढे सरकलेलं, आणि टोकाच्या जरा मागे बाजूला एक फुगवटा, त्याच्या मागे बोटभर झालेली फांदी, त्या फांदीला आणखी फांदी. आणि कुठे कुठे एक फांदी वळून शेजारच्या धाग्याला जाऊन चिकटलेली, एकजीव झालेली. जाळंच होतं ते.

काकूंना एकदम मास्तरांचा आवाज ऐकू आला. मास्तर कामातून वेळ मिळाला की शिकवायला लागायचे, समोर वर्ग असो वा नसो. "काकू, हा धागा म्हणजे बोगदा समजा. बोगद्याच्या तोंडाशी गवंडी बसलेत. ते पुढे पुढे भिंत बांधत जातात, म्हणून वाढ फक्त टोकाला. विटा-चुना मागून येतो, आतल्या आत वाहून. मागची भिंत कडक होते, मागचं घर रिकामं होत जातं, कारण जे होतं ते सगळं पुढे पाठवलेलं असतं. आणि कधी कधी सामान इतकं येतं की टोकाच्या गवंड्यांना ते पुरून उरतं. मग काय होतं? जरा मागे, कडक झालेल्या भिंतीतच एक जागा मऊ पडते. तिथे फुगवटा येतो. नवे गवंडी बसतात. फांदी!" मास्तर 'फांदी' अशा थाटात म्हणायचे, की आता पडदा पडावा आणि टाळ्या व्हाव्यात.

"ह्या पंख्यातले धागे नुसते पळतात," सूनबाई हळू म्हणाली. "सगळं सामान टोकाला, पुढे पुढे. फांदी धरायला थांबतच नाहीत. दिसायला जोरकस, वर उठलेलं, कापसासारखं. पण फळ धरायला जाळं लागतं काकू, दाट. एकमेकांना जोडलेलं. असं पळालेलं निवडत गेलं ना दर वेळी, तर..."

"मास्तर म्हणायचे, कडेवरून घ्या."

"कडेवरून म्हणायचे. पळालेलं घ्या, असं म्हणायचे?"

तिचा सूर टोचणारा नव्हता. टोचला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. काकूंना आठवलं ते वेगळंच. मास्तर हयात असताना रोज संध्याकाळी खोलीत यायचे, बशी पालथी करायचे आणि पेनाने काचेवर एक छोटं वर्तुळ काढायचे. म्हणजे, उद्या इथून तुकडा घ्या. ते वर्तुळ कधी पंख्यावर नसायचं. कडेवरच, पण कुठेतरी साध्या, एकसारख्या, दबून वाढलेल्या जागी. काकूंना वाटायचं, म्हाताऱ्याची नजर गेली, समोरचं टवटवीत सोडून भलतीकडे खुणा करतो. मास्तर गेले तशी वर्तुळं संपली, आणि काकूंनी मनापासून, काळजीने, दर वेळी सगळ्यात देखणं निवडलं. अशा किती बशा झाल्या असतील त्याला गणती नव्हती.

"जुनं काही असेल का?" सूनबाईने विचारलं. "मास्तरांच्या वेळची एखादी नळी?"

"फ्रीज बंद पडला होता ना, मास्तर गेले त्याच उन्हाळ्यात. सगळ्या नळ्या नासल्या." काकू उठल्या. रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "मीच मारली म्हणायची तिला. लाडाने."

"काकू, तुम्ही घरी जा आज. चेहरा बघा तुमचा."

भर दुपारी घरी जाणं काकूंनी कधी केलं नव्हतं. रस्ताही ओळखीचा वाटेना. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, एक कुत्रं सावलीबरोबर सरकत चाललेलं. पाय ओढत त्या गल्लीच्या टोकाला, आपल्या दोन खोल्यांशी आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नाही. मागे मोरीकडून मात्र खर्र-खर्र आवाज येत होता.

काकूंचा नवरा सुतार. गल्लीतही त्याला सुतारच म्हणत, जरी परांचीवरून पडून कंबर गेल्यापासून त्याने कुणाचं दारसुद्धा दुरुस्त केलं नव्हतं. काठी टेकत घरातल्या घरात फिरायचं, रेडिओशी भांडायचं आणि सकाळी मोरीतल्या ओंडक्यावर बसून आंघोळ करायची, एवढाच त्याचा दिवस. तो ओंडकाही शेडमधलाच. मास्तरांनी शेवटच्या वर्षांत हौस म्हणून काही लाकडांना भोकं पाडून त्यांत बियाणं भरून ठेवलं होतं, पेंढ्याऐवजी लाकडावर काय होतं ते बघायला. त्यांच्यामागे धाकट्या मालकांनी आवरसावर काढली तेव्हा ते ओंडके बाहेर पडले, आणि सुताराने हाताला चांगलं जड लाकूड लागलं म्हणून एक बसायला मागून घेतला. त्यात काय भरलं होतं हे काकू केव्हाच विसरल्या होत्या. त्यांच्या लेखी ते न्हाणीचं स्टूल होतं.

आत्ता सुतार त्या ओंडक्यापुढे एक गुडघा टेकून, काठी भिंतीला लावून, पटाशीने काहीतरी खरवडत होता.

"अहो, काय चाललंय?"

सुतार असा दचकला, की पटाशी पाठीमागे गेली. "तू? आत्ता? शेड जळाली की काय?"

"माझं राहू दे. मागे काय लपवलंत?"

"पटाशी. सुताराच्या हातात पटाशी नाहीतर काय तंबोरा असणार?"

"आणि ओंडक्याला काय करताय?"

"तासतोय. बसताना टोचतो."

काकू पुढे वाकल्या. ओल्या फरशीवर, सुताराच्या गुडघ्याशी, एका फुटक्या वाटीत राखाडी रंगाची छोटी छोटी डोकी पडली होती. गुच्छच्या गुच्छ, अजून न उघडलेले. ओंडक्याच्या सालीवर त्यांची पांढरी खोडं ताजी कापलेली दिसत होती. काकूंना ओळख पटायला क्षणही लागला नाही. आपलं मूल पाठमोरंसुद्धा ओळखू येतं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, हे कधीपासून येतात?"

सुताराने पटाशी पुढे घेतली, तिची धार अंगठ्याने पुसली. "येतात मधूनमधून. हवा गार झाली, मोरी ओली राहिली की येतात. पहिल्यांदा आले तेव्हा म्हटलं, सांगावं तुला, खूश होशील. तेवढ्यात त्या डॉक्टरीणबाईंनी तुझी छाती तपासली. आठवतंय? म्हणाल्या, उमललेल्या मशरूमची बारीक धूळ आत जाते, त्याचाच खोकला आहे, घरी तरी मोकळ्या हवेत राहा. आणि हा घरात उमलायला बसलेला! म्हटलं, शेडमधे सवत आहे ती असू दे, मोरीत दुसरी नको. उमलायच्या आत काढून टाकतो."

"इतकी वर्षं?"

"मग? रिकामा माणूस मी. एवढं एकच कामाचं काम होतं, त्यातही आज पकडलंस."

काकू पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकून खोकून डोळ्यांना पाणी आलं तेव्हा त्यात बाकीचंही वाहून गेलं. सुतार घाबरून तांब्या भरायला लागला.

"पाणी नको. वाटीतले मोरीच्या पाण्यात भिजलेत, ते नाही चालायचे. आधी सांगा, सगळे काढलेत?"

"सगळे. म्हणजे... भिंतीकडच्या बाजूला एक जुडी आहे. तिकडे हात पोचत नाही माझा, कंबर वळत नाही."

काकू भिंतीला गाल टेकवून ओंडक्यामागे बघायला लागल्या. अंधारात, ओलीत, तीन-चार टोप्यांचा एक गुच्छ शांतपणे वर आला होता. अजून कोवळा, कडा आत वळलेल्या. मास्तरांच्या हातची मदर. पंख्यांच्या आधीची. वर्तुळांच्या काळातली.

"अगं, पण झालं काय?" सुताराने विचारलं.

तो गुच्छ उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळता गुंडाळता काकूंनी त्याला सगळं सांगितलं. पंखा, वर्तुळ, पळणारे धागे, दोन महिने, कुलूप. सुताराने ऐकून घेतलं आणि पटाशीने ओंडक्यावर एक ठोका मारला.

"तुझी खोड जुनीच आहे."

"कसली खोड?"

"पळणाऱ्याचं कौतुक. थोरला पळाला मोठ्या शहरात, तर गल्लीभर त्याच्या गोष्टी. त्याचा फोन येतो कधी, आठवून सांग. आणि धाकटी रोज सकाळी तिचं घर सोडून इथे येते, मला पाणी काढून देते, ह्या ओंडक्यावर बसवते. तिचं नाव घेताना तुला कुणी ऐकलंय?"

हे काकूंना लागलं. फडक्याच्या गाठीशी त्यांची बोटं थांबली. सुताराला वाटलं जरा अतीच झालं, म्हणून त्याने सूर बदलला.

"मला एक कळत नाही. मी तर जन्मात कधी पळालो नाही. मग मला कसं निवडलंस?"

"तुम्हाला मी कुठे निवडलं? वडिलांनी निवडलं."

"म्हणून टिकलो," सुतार म्हणाला.

उन्हं कलायच्या आत काकू पुन्हा शेडमध्ये हजर. फटाकडीने तोंड उघडलं होतं, पण काकूंचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. बियाणखोलीत सूनबाईने स्पिरिटचा दिवा लावला. हात आत घालायला दोन भोकं असलेली काचेची पेटी होती, तीत काकूंनी हात घातले. गुच्छातलं एक मशरूम देठाशी धरून उभं फाडलं, म्हणजे आतल्या मांसाला बाहेरची हवा लागलेली नसते, आणि तापवून गार केलेल्या चिमट्याने आतला पांढरा कण काढून नव्या बशीत ठेवला. असे चार कण, चार बशा. ही हातोटी त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती, की डोळे मिटून केलं असतं. पण त्या दिवशी चिमटा बशीच्या काठावर वाजला. शेवटच्या बशीला सूनबाईने त्यांचं मनगट खालून धरलं.

मग वाट बघणं. वाट बघण्याइतकं दमवणारं काम जगात दुसरं नाही. गहू उकडणं परवडलं. एक बशी हिरवी पडली, मोरीतला एखादा भलता जंतू तिच्यात आलेला. ती फेकली. बाकीच्या तिन्हींत त्या कणाभोवती पांढरी धुकट कड आली, मग कड रुंदावली. पूर्वीसारखी झपाट्याने नाही. काकू दिवसातून तीनदा बघायच्या आणि तीनदा त्यांचं मन खट्टू व्हायचं. इतकी सावकाश? इतकी चपटी? हिला काही जीव आहे का?

आणि तिसऱ्या बशीत, जणू परीक्षा घ्यायलाच, एका बाजूने छोटासा पंखा पुढे पळाला. पांढराशुभ्र, फुगीर. काकूंचा चिमटा आपसूक त्याच्याकडे गेला. सवय ही नटासारखी असते, खूण मिळायच्या आत प्रवेश घेते. काचेला हात लागायच्या आधी त्या थांबल्या. चिमटा ठेवला, खिशातून पेन काढलं आणि बशी पालथी केली. काचेच्या पाठीवर, पंख्यापासून लांब, साध्या दबलेल्या कडेवर एक वर्तुळ काढलं. वाकडंच आलं. सूनबाईकडे बशी दिली.

सूनबाईने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. "फांद्या आहेत, काकू," ती म्हणाली. "खूप."

काकूंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि गव्हाच्या बाटल्या धुवायला घेतल्या.

मधल्या एका सुट्टीच्या सकाळी धाकटी लेक नेहमीसारखी बापाचं पाणी काढायला आली तेव्हा काकू घरीच होत्या. बादली उचलताना लेकीचा श्वास लागलेला त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकला. "दे इकडे," त्या म्हणाल्या, "आणि बस जरा. चहा घेतेस?" लेक इतकी चकित झाली की म्हणाली, "आई, तुला बरं नाही का?" सुतार ओंडक्यावरून मोठ्याने खाकरला.

शेवटचा लॉट शेडमध्ये टांगला गेला. पिशव्या भरल्या, पण पूर्वीसारख्या दुधाळ नाहीत. आतले धागे पेंढ्याला घट्ट आवळून बसलेले, कुठे कुठे दोरीसारखे जाड झालेले. मालक बघून गेले आणि म्हणाले, "हे तर मागच्यापेक्षा फिकं दिसतंय." फटाकडी हळहळली, खरंच हळहळली, "काकू, ह्या वेळी तर गाद्याही नाही भरता यायच्या हो." टेम्पोवाल्याने हवेचा विनोदही केला नाही. तेच जास्त झोंबलं.

मुदत संपत आली. चिरा पाडून बरेच दिवस झाले. काकूंनी खोलीतलं सामान मनातल्या मनात खोक्यांत भरून टाकलं. पेटी कुठे जाईल, कुकर कुठे, दिवा कुणाला द्यायचा. मदरच्या बशा तेवढ्या कुठेच बसेनात. त्या सुताराला म्हणाल्या, "आता नाही आलं तर बसते मी घरी. खरंच दमले." सुतार म्हणाला, "बस. पण ओंडका माझा आहे."

ज्या सकाळी बाहेरच्या बियाण्याचा ट्रक यायचा होता, त्याच सकाळी काकू शेडमध्ये शिरल्या आणि पहिल्याच रांगेत थबकल्या. चिरेच्या ओठाशी टाचणीच्या डोक्यांएवढे राखाडी ठिपके होते. दाटीवाटीने. पुढच्या पिशवीला तसेच. तिच्या पुढच्या पिशवीला नाही, मग सलग चार पिशव्यांना. काकूंनी कुणाला हाक मारली नाही. रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. मागून फटाकडी आली आणि ओरडली, "अगं बाई! आलं की!" तशी सगळी शेड धावत आली. टेम्पोवाला क्रेट घेऊनच आला. त्याला बायांनी हसत हाकललं, "अजून टाचणी आहे ती, तीन दिवसांनी या!"

फाटकाशी ट्रक येऊन उभा होता. मालकांनी ट्रककडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं आणि जमीन उकरायला लागले. "काकू, सांगितलेला माल परत कसा पाठवू? असं करतो. अर्ध्या शेडमध्ये ते, अर्ध्यात तुमचं. खोली राहू दे."

विजयाची तुतारी काही वाजली नाही. काकूंना वाटलं होतं, आलं तर आपण रडू, निदान कुणाला तरी मिठी मारू. प्रत्यक्षात त्यांना फक्त बसावंसं वाटलं. त्या खोलीत गेल्या, स्टुलावर बसल्या, आणि सूनबाई आत आली तेव्हा खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं.

"आजची वर्तुळं तुम्ही काढा. मी बघते."

"चुकलं तर?"

"चुकलं तर सांगीन. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा सुतार मोरीच्या उंबऱ्यावर बसला होता. खोकला ऐकूनच त्याने पाणी भरून ठेवलं होतं.

"आले?"

"आले."

"मग आता ह्या ओंडक्याचं काय करायचं? सिंहासन करू का?"

काकूंनी चपला काढल्या. पाय भिंतीला लावून फरशीवरच टेकल्या. ओंडक्याच्या पुढच्या बाजूला, जिथे पटाशी फिरून फिरून साल गुळगुळीत झाली होती, तिथेच दोन नवी डोकी वर आलेली होती.

"काढू, की राहू दे?" सुताराने विचारलं. पटाशी त्याच्या हातातच होती.

काकूंनी हात लांबवून एका डोक्यावरून बोट फिरवलं. मग खोकल्या.

"काढा. दिवसभर तेच बघते मी. पण मागच्या बाजूचे राहू द्या."

"तिकडे हात पोचतच नाही माझा."

"म्हणूनच तर," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मोरीत पटाशीचा खर्र-खर्र आवाज सुरू झाला.